पहिल्या गोळ्याचा मान

वाघखारच्या हिरामणाला परगावच्या कुणी धंदा विचारला, तर तो म्हणायचा, "समिंदराला दार लावतंय." ऐकणारा हसायचा, पण हिरामण खोटं बोलत नसे. धरमतरच्या खाडीकाठचं वाघखार म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेलं गाव. बाहेर खारं पाणी, आत भाताची शेतं आणि मधे पुरुषभर उंचीचा चिखलाचा बांध. त्या बांधाला एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटी लागली की दार उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती चढायच्या आत दार पाडायचं. हे काम हिरामणाच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलं होतं. उघाडीवाला झोपला तर गावाच्या ताटात भाताऐवजी मीठ पडणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, म्हणून गावात त्याला मान होता.

जमीन सगळी सबनिसांच्या इनामातली. श्रीमंत दौलतराव सबनीस आणि हिरामण एकाच सालचे, दोघंही राणी सरकारच्या अमदानीतले. एकाच सालचे म्हणून सारखे, असं मात्र कुणी समजू नये. दौलतराव जन्मले तेव्हा अलिबागच्या बंगल्यावर बार काढले होते. हिरामण जन्मला त्या दिवशी त्याची आई दुपारपर्यंत बांधावर चिखल वाहत होती. दौलतराव पुण्याला शिकले, मग आगबोटीनं विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, आणि येताना राणीचं राज्य अंगात घालूनच आले. कोकणच्या उकाड्यात गुडघ्यापर्यंत काळा कोट, पोटावर घड्याळाची सोन्याची साखळी, आणि चहाची वेळ झाली की चहा, मग घरात मयत का असेना. राणी वारली, तिचा मुलगा वारला, नातू गादीवर बसला, पण दौलतरावांची राणी काही मेली नाही. ते लोकल बोर्डाचे अध्यक्ष झाले, रावबहादूर झाले, आणि वीस सालानंतर मुंबईच्या कौन्सिलात जाऊन बसले. तिथं म्हणे ते शेतकऱ्यांच्या हितावर तासतासभर इंग्रजीत बोलत. ते शेतकऱ्यांना कळलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न वेगळा. रस्ते, शाळा, दवाखाने, सगळ्यांवर त्यांचा शब्द चाले, पण तो सारा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार होता.

हिरामणासमोर असं बोलायची सोय नव्हती. तो ताडकन उठून जायचा. त्याच्या लेखी श्रीमंत म्हणजे बांधाचे धनी, आणि त्याला कारण होतं.

बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड बुजवायला गावातल्या घरटी माणसानं धावायचं, मग काल एकमेकांची डोकी फोडलेली असोत. पण चिखलाचा पहिला गोळा पडायचा तो धन्याच्या हातानं, आणि तो मळून धन्याच्या ओंजळीत द्यायचा मान उघाडीवाल्याचा. दुसऱ्या कुणी तो टाकला तर बांध त्याच्या घरातला जीव मागतो, असं म्हणत. नुसतं म्हणत नव्हते. गावातल्या भिकूच्या आजानं एकदा घाईत गोळा टाकला होता आणि त्याच वर्षी त्याचे दोन्ही मुलगे पटकीनं गेले. त्या पटकीनं आसपासच्या गावांतलीही माणसं गेली होती, त्यांनी कुठं काय टाकलं होतं ते कुणी विचारलं नाही.

हिरामण आणि दौलतराव पोरसवदा असताना एकदा खांड गेली. थोरले श्रीमंत आजारी होते, म्हणून दौलतरावांना घोड्यावर बसवून आणलं. हिरामणाच्या बापानं कौतुकानं आपल्याही पोराला पुढं केलं. हिरामणानं गोळा दिला, दौलतरावांनी टाकला, आणि पाय घसरून रेशमी अंगरख्यासकट ते कमरेपर्यंत चिखलात गेले. हिरामणानं मनगट धरून वर ओढलं. दोघंही पोट धरून हसले. पुढं बॅरिस्टर झाल्यावरही श्रीमंत हाकेसरशी दोनदा आले, एकदा तर भर पावसात, बुटांची वाट लावून. गोळा टाकला, रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "हिऱ्या, तू आहेस म्हणून बांध आहे." हे एक वाक्य हिरामणानं आयुष्यभर पुरवून पुरवून खाल्लं. त्यानंतर त्यानं बांधाची अशी काही निगराणी केली की पंधरावीस वर्षं खांड म्हणून गेली नाही, आणि श्रीमंतांना यायची वेळच आली नाही.

हिरामणाची बायको कमळ. तीन मुलं लागोपाठ गेली आणि चौथा धर्मा तेवढा राहिला. उंच, काटक, आणि पळण्यात तर गावात त्याला जोड नव्हती. बापाचा ह्या पोरावर जीव होता, फक्त तोंडानं कधी सांगितलं नाही. आपल्याकडे बाप सांगत नाहीत.

सत्तावीस-अठ्ठावीस साल असेल. दिव्यांच्या आवसेचं उधाण, त्यात वारा. भर दुपारी भरती टोकाला असताना उघाडीच्या अंगालाच बांध फुटला. बैलगाडी जाईल एवढी खांड. हातभर वाढलेल्या भातात खारं पाणी शिरलं. गावानं हाक दिली आणि सगळे धावले, बायका टोपल्या घेऊन, पुरुष मेखा आणि पेंढा घेऊन. असं काम ओहोटीतच होतं. पाणी उतरलं की बुजवायला लागायचं आणि पुढची भरती यायच्या आत बांध उभा करायचा. ती एक ओहोटी हुकली तर दुसरी भरती खांडीची खाडी करते, मग ब्रह्मदेव आला तरी ती बुजत नाही.

पाणी उतरायला लागलं तसा धर्मा खाली उतरला आणि त्यानं दोन्ही हातांत चिखल घेतला. हिरामणानं त्याचं मनगट धरलं.

"टाक त्यो खाली."

"बा, ओहोटी लागली. आता हात घातला तं सांजपातूर बुजंल."

"श्रीमंत कालच आलेत अलिबागला. तू पळ, हाक दे. ते आले का लागू."

"आनि न्हाय आले तं?"

"हाक गेली नि आले न्हाईत असं झालंय कंदी?"

"मी जातंय. पन तवर तुमी थांबू नका. पयला मी टाकतंय, मला काय व्हतंय?"

हिरामणाची पकड आणखी घट्ट झाली. "तीन गेली माजी, धर्मा. चौथा बांधाला देऊ?"

 धर्मानं चिखल खाली सोडला आणि अलिबागसाठी पोयनाडच्या वाटेनं धूम ठोकली.

गाव थांबलं. हे कुणाला आज वेडेपणाचं वाटेल, पण थांबलेल्यांपैकी प्रत्येकाच्या घरात पोरं होती. टोपल्या भरून ठेवल्या, मेखा तासून ठेवल्या, पेंढ्याच्या जुड्या बांधल्या, एवढंच की खांडीत हात कुणी घातला नाही. पाणी उतरत उतरत पार तळाला गेलं. खांडीच्या बुडाची काळी माती उघडी पडली. ठमाबाईचा मोरू हा धर्माचा जिवलग, तो पुन्हा पुन्हा वाटेकडे बघत म्हणत होता, "हिरामनकाका, लागू या का?" आणि हिरामण म्हणत होता, "आलेच बघ. घोडा न्हाय, मोटार हाय आता त्यांच्याकडं."

उन्हं कलली आणि धर्मा परत आला. एकटाच.

"न्हाय भेटले," तो म्हणाला.

"बंगल्यावर न्हवते?"

"न्हाय भेटले, बा."

 पाणी वळलं होतं. मग कसली रीत आणि कसला धनी, सगळे एकदम तुटून पडले, पहिला गोळा कुणाचा ते कुणी पाहिलंही नाही. पण तोवर फार उशीर झाला होता. चढत्या पाण्यानं मेखा काड्यांसारख्या उपटून नेल्या.

त्या भरतीनं वाघखार संपलं. घरं राहिली, माणसं राहिली, पण शेत गेलं, आणि शेत गेलेलं गाव किती दिवस गाव राहणार? खारं पाणी एकदा मुरलं की जमीन तीनचार पावसाळे भात धरत नाही. श्रीमंतांच्या कारभाऱ्यानं सांगितलं, बांधाचा प्रश्न कौन्सिलात विचारला आहे. विचारला असेलही. उत्तर यायच्या आत शेतात खारफुटीचं कांदळ उगवलं आणि खेकडे फिरायला लागले. एकेक घर उठलं, कुणी पेणला गेलं, कुणी मुंबईला गोदीत, कुणी उरणकडे मिठागरांवर.

हिरामणाला लोकांनी दोष दिला नाही, हे त्यांचं मोठेपण. दोष दिला तो त्यानं स्वतः, आणि दिला धर्माला. "पोरगं वाटंत रेंगाळलं. नायतं बंगल्याच्या फाटकावरनंच भिऊन मागं फिरलं. श्रीमंतांना हाक पोचलीच न्हाय. पोचली असती तं ते आलेच असते." हे तो दर ओट्यावर सांगायचा, धर्मा समोर असला तरी सांगायचा. पहिल्यांदा लोकांना ते पटलं नाही. मग सारखं ऐकून ऐकून पटलं. माणसाला आयुष्यात एक तरी गोष्ट खरी लागते. हिरामणानं श्रीमंतांना खरं धरलं होतं, मग मुलगा खोटा पडणारच. मला त्याचा राग येतो, आणि राग येऊन झाला की कीवही येते.

धर्मानं एकदाही उलट उत्तर केलं नाही. मोरूनंसुद्धा बोलणं टाकलं तेव्हा एका सकाळी तो कपड्यांचं बोचकं घेऊन निघाला आणि उरणजवळ शेव्याच्या मिठागरात कामाला लागला. कमळ त्याला पोचवायला उघाडीपर्यंत गेली, हिरामण घरातून हलला नाही. पुढं कमळ तापानं गेली. हिरामणानं धर्माला निरोप धाडू दिला नाही. तरी कुठून तरी कळून तो आला, माणसांच्या मागं उभा राहिला. हिरामणानं त्याच्याकडे पाठ केली. चिता विझायच्या आत धर्मा निघून गेला होता.

मग आली सदतीस सालची निवडणूक. आता पुष्कळ लोकांना मत होतं, कुळांनासुद्धा, आणि श्रीमंतांविरुद्ध एक खादीतला वकील उभा होता. दौलतराव सत्तरीला टेकलेले. जन्मात कुणाच्या दारात गेले नव्हते, त्यांना आता सभा घ्यायची पाळी आली. कारभाऱ्यानं युक्ती काढली: जुनं इमानी माणूस व्यासपीठावर बसवावं, म्हणजे कुळं भुलतील. हिरामणाला न्यायला मोटार आली. त्याला धुतलेलं धोतर दिलं, डोक्याला गुलाबी फेटा बांधला. तो मोटारीत असा बसला होता की टेकायला गादी आहे हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. इतक्या वर्षांनी धन्यानं आठवण काढली होती.

अलिबागला देवळापुढच्या मांडवात सभा भरली. पुढं खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, सावकार मंडळी, मागं जमिनीवर शेतकरी. श्रीमंत काठीवर भार देऊन उभे राहिले. तोच काळा कोट, तीच साखळी. बोलले चांगले, कारण बोलायची त्यांना सवय होती. शेतकरी म्हणजे लेकरू, त्याला मताचा अधिकार देण्याआधी शहाणपण द्यायला हवं, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो पटवायला त्यांनी एक गोष्ट सांगितली.

"हे आमचे हिरामण बसलेत ना, ह्यांच्या गावचीच गंमत. एकदा आमच्या बंगल्यावर एक गोरे पाहुणे आले होते. पत्त्यांचा डाव रंगलेला, चहा यायचा होता. इतक्यात डोक्यापासून पायापर्यंत चिखल माखलेला एक पोरगा थेट दिवाणखान्यात. म्हणे, 'बांध फुटलाय, गाव खोळंबलंय, पहिला गोळा तुमीच टाकायचा, चला.' पाहुण्यांना भाषांतर करून सांगितलं, तर ते हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले. मी म्हटलं, बाळ, एवढ्यासाठी मी कशाला? माळ्याला सांगितलं, गुलाबाच्या कुंडीतली माती घे, वर्तमानपत्रात बांधून दे ह्याला. म्हटलं, जा, हा घे माझा गोळा." श्रीमंत क्षणभर थांबले, हशा ओसरू दिला. "आणि गाव काय करत होतं? हात बांधून माझी वाट बघत होतं. सांगा आता, ह्यांना मत द्यायचं?"

खुर्च्या खदखदल्या. मागं जमिनीवर कुणी हसलं नाही. हिरामणाच्या तोंडावर श्रीमंतांनी नाव घेतलं तेव्हाचं हसू अजून तसंच होतं, ते काढायचं त्याला सुचलं नाही. श्रीमंत खाली बसले तेव्हा तो वाकून म्हणाला, "श्रीमंत, धर्मा आला व्हता?"

"कोण धर्मा? तो तुझाच का रे? हो तर," श्रीमंत मायेनंच म्हणाले, आणि ती माया खरी होती हेच वाईट. "काय पळत आला असेल, धाप लागून शब्द फुटत नव्हता. चांगला पोरगा आहे हो तुझा."

हिरामणानं फेटा उतरवला, खुर्चीवर ठेवला आणि मांडवातून बाहेर पडला. कारभारी मागं धावला, त्याच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. तो चालत रेवसला गेला, तरीच्या होडीत बसून खाडीपलीकडं करंजाला उतरला आणि तिथून विचारत विचारत शेव्याच्या मिठागरात पोचला.

दुपारच्या उन्हात मीठ डोळे दिपवत होतं. धर्मा वाफ्यात फावडं ओढत होता. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, टाचांना चिरा, केस पिकायला लागलेले. बापाला बघून तो वाफ्याबाहेर आला आणि त्यानं मडक्यातलं पाणी पुढं केलं. हिरामणानं ते हातात धरलं, प्यायला नाही.

"तू भेटला व्हतास त्यांना."

धर्मानं मान हलवली.

"हसले ते तुला."

"व्हय. पुडीत माती बांधून दिली. ती मी वाटंत खाडीत टाकली."

"मंग तवाच का न्हाय सांगितलंस? धा वरसं मी तुला चारचौघांत... तुझी आई मेली, मी तुला पुढं येऊ दिलं न्हाय. येकदा तोंड उघडायचं व्हतंस, धर्मा."

 धर्मा हळू म्हणाला, "मी परत आलो तवा तू खांडीच्या तोंडाशी उभा व्हतास. पानी वळलं व्हतं. मी बोललो असतो, तं तू तितंच उडी घातली असतीस. शेत तं गेलंच व्हतं, बा. म्हटलं, बाप तरी ऱ्हावा."

हिरामण मिठाच्या ढिगाला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. धर्मा शेजारी बसून राहिला. संध्याकाळी सून जेवायला वाढताना म्हणाली, इथंच ऱ्हा आता. नातवंडं लांबून बघत होती. हिरामण म्हणाला, "ऱ्हातो. पन येक काम ऱ्हायलंय, ते करून येतो." धर्मा म्हणाला, "आता कशाला, बा? ज्याला जे वाटायचं ते वाटून झालं." हिरामणानं ऐकलं नाही.

श्रीमंत निवडणूक हरले. पुढच्या पावसाळ्यात वारले, आणि मुंबईच्या पत्रांनी त्यांचं मोठेपण दोन दोन रकाने छापलं. हिरामणाला कुणीतरी बातमी सांगितली तेव्हा त्यानं फक्त "हं" म्हटलं.

त्याआधीच, शेव्याहून निघून, तो वाघखारला परतला होता, दारोदार जायला. जितक्या ओट्यांवर त्यानं मुलाला खोटं पाडलं होतं, तितक्या ओट्यांवर जाऊन त्याला खरं करायचं होतं. पण ओट्यांवर बसायला माणसंच उरली नव्हती. भिकूच्या घराचं छप्पर बसलं होतं. त्याच्या पलीकडच्या दोन घरांना कुलपं होती. ठमाबाई तेवढी दारात बोंबील वाळत घालत होती. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून हिरामणानं तिच्या कानाशी वाकून, सावकाश, सगळं सांगितलं. धर्मा पोचला होता. वेळेत पोचला होता. चूक त्याची नव्हती, माझी होती.

ठमाबाईचे हात थांबले. "माजा मोरू गेला, ठाव हाय ना तुला? गोदीत क्रेन पडली अंगावर. मरायच्या आदी गनपतीला घरी आलेला, तवा बी धर्माचं नाव काढलं तं थुंकला. म्हनला, त्यानं गाव बुडवलं." तिनं हिरामणाकडे नीट पाहिलं. "ल्हानपनचे दोस्त व्हते रे. आता मोरूला कोन सांगल?"

 हिरामण उठला आणि पुढच्या घराकडे गेला. ते बंद होतं. तरी तो पायऱ्या चढून ओट्यावर गेला, दाराकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.